कविता लावायची, की म्हणायची?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एसटी स्थानकांवर मराठी कवितांची पोस्टरं लावावीत, हा विचार मला मनापासून पटतो. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की तो अनेकांना सुचतो आणि मार्च लागला की विरून जातो. तो विरू नये असं वाटत असेल, तर त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्याचं म्हणणंही पूर्ण ऐकून घेतलं पाहिजे. पुढच्या संवादातली दोन माणसं कल्पिलेली आहेत. भाची नगरच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. मामांनी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती ब्रशने रंगवण्यात घालवलं. आषाढीला ते दिंडीत चालतात. दोघांच्या बोलण्यात येणारी गावं, कवी आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

भाची : मामा, माळीवाड्याच्या स्टँडवर कवितांची पोस्टरं लावायची आहेत. छापून घ्यायची नाहीत. अक्षरं तुमच्या हातची हवीत.

मामा : अक्षरं देईन, हात अजून चालतो. पण कविता भिंतीवर लावायची कशाला, ते आधी सांग. मला खरंच कळत नाही, भिंतीवर जाऊन कविता काय करणार.

भाची : वाचली जाणार. स्टँडवर माणूस थांबलेला असतो. शेवगावची गाडी लागायला अर्धा तास, जामखेडची लागेल तेव्हा लागेल. शाळेतून घरी निघालेली पोरं, दवाखान्यात आलेली म्हातारी माणसं, बाजार करून परतणाऱ्या बाया, कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, सगळी एका छपराखाली असतात. एरवी ही माणसं एका ठिकाणी भेटतात कुठे? शिवाय एसटीचं आणि नगरचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली ती पुण्याहून नगरला. कवितेचा प्रयोग नगरच्या स्टँडवर नाही करायचा, तर कुठे करायचा?

मामा : थांबलेला माणूस हल्ली मोबाईल बघतो. समजा त्याने मान वर केलीच, तर भिंतीवर काय काय आहे बघ. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाला श्रद्धांजली, स्पर्धा परीक्षेचे क्लास, मूळव्याधीवर इलाज. इतकं बघून बघून माणसाची नजर भिंतीवर ठरेनाशी झालीय. त्यात तू कविता लावलीस की तीही त्या गर्दीतली एक. भिंतीचं काम मला ठाऊक आहे. घाईत चाललेल्या माणसाला ती एकच गोष्ट सांगते : इथे खत मिळेल, इथे चष्मा मिळेल. कविता घाईतल्या माणसासाठी नसते.

भाची : म्हणूनच ती वेगळी दिसेल. त्या बाकीच्या सगळ्या कागदांना वाचणाऱ्याकडून काहीतरी हवं असतं. मत हवं असतं, पैसे हवे असतात, निदान नाव लक्षात राहायला हवं असतं. कवितेला त्याच्याकडून काहीच नको असतं, आणि हे माणसाला कळतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1986 मध्ये हेच झालं. ज्युडिथ चेर्नेक या लेखिकेने दोन कवींना बरोबर घेतलं आणि डब्यातल्या जाहिरातींच्या पट्टीत कविता लावू द्या, म्हणून रेल्वेकडे मागणी केली. रेल्वेने जागा दिली. तो उपक्रम आजही चालू आहे, वर्षातून काही वेळा कविता बदलतात. न्यूयॉर्कने 1992 मध्ये त्यावरूनच आपल्या गाड्यांत कविता लावायला सुरुवात केली.

मामा : डब्यातला माणूस बसलेला असतो आणि कविता त्याच्या डोळ्यांपुढे असते. स्टँडवर माणूस बाकावर, भिंत वीस फुटांवर, मधे पिशव्या आणि पोरंबाळं. आमच्या धंद्यात साधा हिशोब आहे : एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून नीट वाचता येतं. वीस फुटांना दोन इंच लागणार. आता बोर्ड धर सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. चार फूट म्हणजे 48 इंच. वर-खाली चार-चार इंच सोडले, राहिले 40. कवीचं नाव, गाव आणि साल यांना सहा इंच दे. राहिले 34. दोन इंचांचं अक्षर म्हटलं तरी वर वेलांटी, खाली उकार, शिवाय मधे हवा खेळली पाहिजे. ओळीला चार इंच धरायलाच लागतात. म्हणजे तुला मिळाल्या आठ ओळी. आठ ओळींत काय सांगशील?

भाची : आठ ओळी खूप झाल्या. ओवी साडेतीन चरणांची. मोठ्या अभंगाच्या एका चौकात 6, 6, 6 आणि 4 अशी बावीसच अक्षरं. शार्दूलविक्रीडिताची 19 अक्षरांची ओळसुद्धा तुमच्या सहा फुटांत बसते, म्हणजे चार ओळींचा अख्खा श्लोक आला. आपल्या भाषेने थोडक्या जागेत पुष्कळ सांगायची सवय फार आधीपासून लावून घेतलीय.

मामा : बसेल, ते खरं. पण एक सांगून ठेवतो. लांब कवितेतली गोडशी दोन ओळींची फोड काढून लावायची असेल, तर मी रंगवणार नाही. तसं केलं की कवितेचा सुविचार होतो. शाळेच्या व्हरांड्यात सुविचार असतो, त्याकडे कुणी बघत नाही, कारण तो काय म्हणणार हे आधीच माहीत असतं.

भाची : मान्य. जी स्वतःच्या पायावर उभी राहते तीच रचना घ्यायची. आखूड कविता, पुरा अभंग, ज्ञानेश्वरीतली अशी ओवी जिच्यात दृष्टान्त पूर्ण होतो. मुक्तछंद असेल तर कवीने जिथे ओळ तोडली तिथेच तोडायची. जागा उरते म्हणून दोन ओळी एकीत घालायच्या नाहीत.

मामा : ओवी-अभंगाचं नाव काढलंस ते बरं केलंस. माझा खरा आक्षेप तिथेच आहे. नेवाशाला जा, पैसाचा खांब बघ. परंपरा सांगते की ज्ञानेश्वर महाराज त्या खांबाला टेकून बसले, बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. शके 1212, म्हणजे 1290. नऊ हजारांवर ओव्या. त्या खांबावर शिलालेख आहे, पण त्यात ज्ञानेश्वरीची ओवी नाही. दगड समोर होता, दगडावर कोरायची विद्या होती, तरी ओवी दगडावर गेली नाही. ती माणसांच्या तोंडी राहिली. मी दिंडीत जे म्हणतो ते भिंतीवर वाचून पाठ केलेलं नाही. विणेकरी म्हणतो, बाकीचे उचलतात, चालता चालता ते अंगात भिनतं. कविता म्हणायची असते पोरी, लावायची नसते.

भाची : पण सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली नसती, तर तुमच्यापर्यंत आली असती का? आणि तोंडातून तोंडात, प्रतीतून प्रतीत जाताना पाठ इतके बिघडले, की तीनशे वर्षांनी, 1584 मध्ये, एकनाथ महाराजांना बसून शुद्ध प्रत तयार करावी लागली. आवाजाने ओवी जिवंत ठेवली आणि अक्षराने नेमकी ठेवली. आज व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्याही ओळी कुणाच्याही नावावर फिरतात. निदान स्टँडच्या भिंतीवर तरी कविता शुद्ध असेल, आणि ज्याची त्याच्या नावावर असेल.

मामा : शुद्धतेचं मानतो. तरी आवाजाचा जोर तुझ्या लक्षात येत नाही. रेव्हरंड टिळकांचं घे. नारायण वामन टिळक. 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढची कितीतरी वर्षं या नगरात राहिले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहायचे. टिळकांनी अभंग रचले, भजनं रचली. ती 'उपासना संगीत'मध्ये आहेत आणि आपल्या जिल्ह्यातल्या चर्चमध्ये आजही म्हटली जातात. टिळक 1919 ला गेले. शंभर वर्षांहून जास्त काळ ती रचना कशी टिकली? भिंतीमुळे नाही. रविवारी चार माणसं जमतात आणि म्हणतात, म्हणून टिकली.

भाची : हे ऐकल्यावर तर माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. टिळकांची भजनं चर्चमध्ये टिकली. अभंग दिंडीत टिकला. महिपतींचा 'भक्तिविजय' पोथी लावणाऱ्या घरांत टिकला. दया पवारांची कविता आंबेडकरी सभांत आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत टिकली. प्रत्येक कविता आपापल्या माणसांत सुखरूप आहे. पण एका घरातली दुसऱ्या घरात जात नाही. तुम्ही इतकी वर्षं नगरमध्ये राहता मामा, चर्चमध्ये जाऊन टिळकांचं भजन कधी ऐकलंत?

मामा : नाही ऐकलं. टिळक मला शाळेत भेटले. फुलामुलांचे कवी म्हणून पुस्तकात त्यांच्या कविता होत्या, त्या वाचल्या.

भाची : तेच म्हणतेय मी. शाळेच्या पुस्तकाने तुमची जात विचारली नाही, देव विचारला नाही, तुम्हाला कवितेची आवड आहे का हेही विचारलं नाही. समोर ठेवली आणि तुम्ही वाचलीत. शाळा सुटल्यावर मोठ्या माणसासाठी हे काम कोण करतं? कविसंमेलनाला जातो तो आधीच कवितेचा माणूस असतो. नगरला 1997 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते. गावाचा केवढा मोठा सोहळा झाला असेल. पण मंडप उतरला की कविता पुन्हा आपापल्या घरी जाते. स्टँड रोज भरतो, तिथे निमंत्रण लागत नाही. ज्या आवाजापर्यंत माणूस आपण होऊन कधी जाणार नाही, तो आवाज त्याच्या वाटेत ठेवणं, हे पोस्टरचं काम आहे.

मामा : शाळेत पुस्तक होतं, पण पुस्तकाबरोबर गुरुजी होते. ते म्हणून दाखवायचे. त्यांनी चालीवर म्हटली म्हणून ती ध्यानात राहिली. तुझ्या भिंतीजवळ गुरुजी कुठे आहेत?

भाची : क्यूआर कोड लावू. मोबाईल धरला की कविता ऐकू येईल.

मामा : म्हणजे मोबाईलमधून बाहेर काढलेला माणूस तू परत मोबाईलमध्ये पाठवणार. ते नको. त्यापेक्षा माणूस उभा कर. ज्या दिवशी पोस्टर बदलशील, त्या दिवशी तुझ्या शाळेतली दोन मुलं तिथे उभी राहून जुनी कविता म्हणतील आणि नवी म्हणतील. दहा मिनिटं. माईक नको. ज्याला ऐकायचं तो जवळ येईल.

भाची : हे मला सुचलं नव्हतं. हे करू या.

मामा : लगेच हरखू नकोस, पुढचं अवघड आहे. कविता निवडणार कोण? समिती बसेल. समितीला कुणाची तक्रार नको असते. मग पाऊस, आई, माती, फुलं, एवढ्याच कविता येतील. त्या वाईट नाहीत. पण सगळी भिंत त्यांनीच भरली, तर मराठी कविता फक्त गोड बोलते असं पोरांना वाटेल.

भाची : मी तसं होऊ देणार नाही. आपल्याच जिल्ह्याचे कवी काढा. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 'कोंडवाडा' 1974 ला आलं, 'बलुतं' 1978 ला. अकोल्याच्या स्टँडवर त्यांची कविता लागलीच पाहिजे. ज्या तालुक्यातल्या वेशीबाहेरच्या घरातून ती कविता निघाली, त्या तालुक्याने ती उघड्यावर वाचली पाहिजे.

मामा : आणि कुणी आक्षेप घेतला तर? 'गांधी मला भेटला'चं आठवतं का? वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ती कविता अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने पोस्टर म्हणूनच छापली होती. पुढे 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात ती पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 मे 2015 ला निकाल लागला : छापणाऱ्यांनी माफी मागितली होती म्हणून त्यांना सोडलं, कवीवरचा खटला मात्र राहू दिला. कविता लिहून झाल्यावर किती वर्षांनी! मराठीत कवितेच्या पोस्टरचा विषय निघाला की हीही आठवण निघणार.

भाची : त्या खटल्यामुळे पाऊस आणि फुलंच लावायची का?

मामा : नाही. फरक समजून घे एवढंच म्हणतो. पुस्तक माणूस स्वतः उघडतो. नको वाटलं तर मिटतो. भिंतीपुढे बसलेल्याला मिटता येत नाही. तिथे सहा वर्षांचं पोर असतं, नुकतंच घरातलं माणूस गेलेली बाई असते. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे आपण बोलतोय, हे निवडताना लक्षात ठेवायचं. कठोर कविता लाव. अन्यायाची लाव, भुकेची लाव, दुष्काळाची लाव. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ सांगावा लागत नाही. पण नुसता धक्का द्यायला म्हणून कुठलीच लावू नकोस. आणि लावलीस, की कुणी विचारायला आलं तर त्याच्याशी बोलायला तू तिथे असली पाहिजेस.

भाची : हे मला मान्य आहे. विचारणारा माणूस आला, तर कविता वाचली गेली असंच मी समजेन.

मामा : आणि प्रत्येक स्टँडवर तेच ते कवी नकोत. फ्लेक्सवाले एकच डिझाइन चौदा तालुक्यांत पाठवतात, तसं करू नकोस.

भाची : यादी करूनच आणलीय. नेवाशाला ज्ञानेश्वरी. राहुरीला महिपती, कारण ते त्या तालुक्यातल्या ताहाराबादचे. गावचं कुलकर्णीपण सांभाळून त्यांनी 1762 मध्ये 'भक्तिविजय' पुरा केला. पारनेरला निळोबाराय, पिंपळनेरचे. श्रीगोंद्याला शेख महंमद, 'योगसंग्राम'चे कर्ते. मुसलमान घरात जन्मून विठ्ठलाची वाट चाललेला हा कवी श्रीगोंद्याच्या स्टँडवर दिसला पाहिजे, आजच्या दिवसांत तर दिसलाच पाहिजे. संगमनेरला शाहीर अनंत फंदी, 1744 ते 1819. नगरला टिळक आणि लक्ष्मीबाई. लग्न झाल्यावर अक्षरओळख झालेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिलं.

मामा : फंदीचं नाव आलं म्हणून सांगतो. त्याची गोष्ट ठाऊक आहे ना? तमाशात नाव कमावलेला शाहीर, आणि आपल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी सांगितलं म्हणून तमाशा सोडून कीर्तनाला उभा राहिला, असं म्हणतात. फटका रचला तो लोकांना चार गोष्टी सुनवायला. बघ, तोही चौकात उभा राहणाराच कवी. त्याला छापखाना माहीत नव्हता, पण चौक माहीत होता.

भाची : मग फंदीची कविता चौकात लावली तर ती परक्या ठिकाणी गेली असं कसं म्हणता येईल? ती तर मुळात चौकातलीच. पुस्तकाच्या कपाटात ती नंतर गेली.

मामा : हे मात्र मला खोडता येत नाही. बरं, परवानगीचं काय? 1995 पासून महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा आहे. परवानगीशिवाय भिंतीवर लिहिलं, चिकटवलं, तर गुन्हा होतो. दंड आहे, तुरुंगवासही आहे. कविता आहे म्हणून कायदा वेगळा नाही.

भाची : नसावाही. स्टँडची जागा महामंडळाची, तेव्हा आगार व्यवस्थापकांमार्फत विभाग नियंत्रकांकडे लेखी अर्ज करायचा. भिंतीला काही चिकटवायचं नाही, खिळ्यांनी प्लास्टर फोडायचं नाही. आपला बोर्ड आपल्या चौकटीत, महामंडळ सांगेल त्या जागी. हॉलंडमध्ये लायडन नावाचं गाव आहे. 1992 पासून तिथे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर कविता रंगवायला सुरुवात झाली. पहिली कविता मारिना त्स्वेतायेवा या रशियन कवयित्रीची, तीही मूळ रशियन लिपीत. 2005 पर्यंत अशा 101 कविता झाल्या. सगळ्या घरमालकांच्या संमतीने.

मामा : आणि कवीची संमती?

भाची : तोही हिशोब केलाय. कवी गेल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. टिळक, बालकवी, केशवसुत केव्हाच मोकळे झाले. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांची मुदत 2016 अखेर संपली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी छापली गेली 1952 मध्ये. कवीच्या मागे छापलेल्या पुस्तकाची मुदत छापल्यापासून मोजतात, म्हणून ती 2012 अखेर संपली. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले. 27 फेब्रुवारी हा त्यांचाच जन्मदिवस, तरी त्यांची कविता लावायची तर 2059 अखेरपर्यंत परवानगी घ्यावी लागणार. दया पवार 1996 मध्ये गेले, म्हणजे 2056 अखेरपर्यंत. त्यांच्या घरच्यांना रीतसर पत्र लिहायचं. आजच्या कवीची कविता घेतली तर त्याला विचारायचं, आणि जमेल तेवढं मानधनही द्यायचं.

मामा : मानधनाचं बोललीस ते आवडलं. बोर्डाचे पैसे, रंगाचे पैसे, चहाचे पैसे निघतात. ज्याच्या शब्दांवर सगळं उभं आहे त्यालाच लोक विसरतात. आता शेवटचं विचारतो. हे बोर्ड लावल्यानंतर त्यांच्याकडे कोण बघणार?

भाची : लोक बघतील.

मामा : लोक वाचतील. मी विचारतोय, सांभाळणार कोण? नगरचं ऊन एप्रिल-मेमध्ये काय करतं ते मला विचार. लाल रंग आधी उडतो. पावसाळ्यात खालची कड फुगते. धूळ तर बाराही महिने. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लावणारी माणसं उद्घाटनाला येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. अर्धा फाटलेला, कुणी पानाची पिचकारी मारलेला, कोपऱ्यातून लोंबणारा कागद तू बघितलाच असशील. त्यावर महात्म्याचं नाव असतं. कवितेचं तसं झालं, तर ती न लावणंच बरं. न वाचलेल्या कवितेचा अपमान होत नाही. फाटून लोंबणाऱ्या कवितेचा होतो.

भाची : मग कोकणात केलं तसं कायमचं करायचं का? मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे त्यांच्या कविता शिळांवर आहेत.

मामा : ते स्मारक आहे. तिथे माणूस मुद्दाम जातो. स्टँडवरचा माणूस रोजचा असतो. त्याच्यापुढे कायमची कविता ठेवलीस, तर महिनाभराने ती त्याला दिसायचीच बंद होईल. फ्लेक्स दिसेनासे होतात तशीच. लंडनवाल्यांचं मर्म तूच मघाशी सांगितलंस : ते बदलतात. कविता बदलली तरच ती वाचली जाते. दोन महिने लाव आणि उतरव. उतरवलेला बोर्ड पुसायचा, प्रायमर मारायचा, दोरी आखायची, नवीन लिहायची. माझं नाव कशाला लिहायचं, पण खाली लहान अक्षरांत कुठल्या शाळेने लावली आणि कोणत्या तारखेला उतरवणार, हे लिही. ज्या तारखेला उतरवणार म्हणालात त्या तारखेला उतरवलीत, की लोकांना कळेल, ही माणसं परत येतात.

भाची : पुढाऱ्यांचे फोटो?

मामा : कुणाचेच नाहीत. कवीचाही नको. नाव, गाव, साल. जागा कवितेला पाहिजे.

भाची : म्हणजे तुम्ही तयार आहात.

मामा : नेवाशाच्या बोर्डाला तयार आहे. बाकीचे तू दोन महिने नेवाशाचा सांभाळून दाखव, मग बघू. आणि कविता म्हणायची असते, हे माझं मत बदललेलं नाही. तुझ्या बोर्डाजवळ उभं राहून कुणी मोठ्याने म्हटली, तर तो बोर्ड कामाचा, असं मी धरीन.

इथे संवाद थांबवतो आणि माझं मत सांगतो. मी भाचीच्या बाजूने आहे. ज्या समाजात प्रत्येकाची कविता आपापल्या मंदिरात, चर्चमध्ये, दर्ग्यात, सभेत आणि वर्गात बंदिस्त होत चालली आहे, तिथे सगळ्यांच्या वाटेवर ती उघडी ठेवणं हे आजचं निकडीचं काम आहे. श्रीगोंद्याच्या मुलाने शेख महंमद वाचावा, अकोल्याच्या पाटलाच्या घरातल्या मुलीने दया पवार वाचावेत, दिंडीतल्या माणसाने टिळक वाचावेत, यासाठी एसटी स्टँडइतकी चांगली जागा आपल्याकडे दुसरी नाही. तिथे कुणा एका गटाची मालकी नसते आणि सगळ्यांनाच थांबावं लागतं.

पण मामांच्या अटी मला भाचीच्या उत्साहाइतक्याच मोलाच्या वाटतात. कविता पूर्ण आणि शुद्ध असावी. कवीचं नाव आणि गाव असावं, दुसऱ्या कुणाचं नसावं. परवानगी आणि मानधन चुकवू नये. कुणी विचारायला आलं तर उत्तर द्यायला माणूस असावा. कविता मोठ्याने म्हटली जावी. आणि जिने लावली तिनेच ठरल्या दिवशी उतरवावी. यातल्या पाच गोष्टी एका बैठकीत ठरतात. सहावी दर दोन महिन्यांनी, उन्हात आणि पावसात, फोटो काढणारं कुणी नसताना करावी लागते. भाषा गौरव दिनाला बोर्ड लावणारे पुष्कळ मिळतील. एप्रिलच्या शेवटी तो उतरवून नवी कविता लिहायला येणारी एक शाळा, एक वाचनालय, एक मित्रमंडळ प्रत्येक तालुक्यात उभं राहिलं, तर नगर जिल्ह्यात सार्वजनिक कविता रुजली असं म्हणता येईल. सुरुवात करणाऱ्याने म्हणून पहिल्या कवितेआधी उतरवण्याची तारीख ठरवावी.